‘सीट खाली घेऊ’ म्हणणाऱ्या दुकानदाराला काय सांगायचं?

प्रश्न : मी देवगडला राहते. वय ४१, उंची ५ फूट २ इंच, वजन ५६ किलो. कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी आहे. तीन वर्षं हायब्रिड (सरळ हँडलची) सायकल चालवतेय, बहुतेक दिवशी पहाटे कुणकेश्वरपर्यंत जाऊन येते. आता रोड बाइक, म्हणजे वाकड्या हँडलची वेगवान सायकल, घ्यायची आहे आणि येत्या थंडीत मैत्रिणींबरोबर सागरी मार्गाने गुहागरपर्यंत जायचं मनात आहे. कोल्हापूरच्या एका दुकानात ॲल्युमिनियमची नवी सायकल चांगल्या सवलतीत मिळतेय, पण ती एम साइजची, म्हणजे ५२ ची. दुकानदार म्हणतो, ‘सीट खाली घेऊ, स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा दांडा) आखूड लावू, काही फरक पडत नाही.’ पुण्याचा भाचा चार वर्षं वापरलेली त्याची कार्बनची रेसिंग सायकल, साइज ४९, अर्ध्या किमतीत देतो म्हणतो. आमच्या यजमानांचं म्हणणं, समुद्राजवळ राहतो तर स्टीलचीच घे, मोडली तर इथे वेल्डिंग तरी होईल. हायब्रिडवरसुद्धा तासाभराने माझे हात बधिर होतात. कुठली घेऊ?

उत्तर : ताई, दुकानदाराची एम घेऊ नका. सवलत कितीही असो. बाकीचं सावकाश बोलू, पण अजून आगाऊ रक्कम दिली नसेल तर आधी एवढं सांगून मोकळा होतो.

दुकानात एकाच साइजचा माल उरला की ‘सीट खाली घेऊ’ हे वाक्य हमखास निघतं. त्यात अर्धं खरं असतं म्हणून ते पटतंही. सीट खाली घेतली की पाय पॅडलला नीट पोचतात, दुकानासमोर दोन चकरा मारल्या की सायकल आपलीशी वाटायला लागते. पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर त्याने फारसं बदलत नाही. एमची वरची नळी तुमच्या मापाच्या फ्रेमपेक्षा साधारण अडीच-तीन सेंटिमीटर लांब असते. मोठ्या साइजला कंपनी स्टेमही लांब लावते, हँडलही रुंद देते. सगळं मिळून चार-पाच सेंटिमीटर जास्त पुढे वाकावं लागतं. हे दुकानाच्या दारात कळत नाही. विजयदुर्गला जाऊन परत येताना मानेला आणि तळहातांना कळतं.

आखूड स्टेमचं म्हणाल, तर शंभर मिलिमीटरच्या जागी नव्वदचा किंवा ऐंशीचा स्टेम लावणं ही रोजची गोष्ट आहे. तुम्हाला मात्र त्या फ्रेमवर साठचा लावावा लागेल. तेवढ्याने अंतर जमेल, पण हँडल हलकं आणि चंचल होतं, जरा हात हलला की चाक वळतं. सपाट रस्त्यावर याची सवय होईलही. आपल्याकडे सपाट रस्ता आहे कुठे? सड्यावरून, म्हणजे पठारावरून, खाडीकडे उतरायचं, पुलावरून पलीकडे जायचं, की लगेच पुढच्या सड्यावर चढायचं. उताराच्या तळाशी वळणावर जांभ्याचा चुरा नाहीतर वाळू पसरलेली. अशा जागी हँडल स्थिर हवं.

आता तुमचं माप. उंचीवरून साइज सांगणारे तक्ते असतात, ते अंदाजापुरते ठीक. सारख्या उंचीच्या दोन बायकांच्या पायांच्या लांबीत चार सेंटिमीटरचा फरक सहज असतो. म्हणून आधी पायांची आतली लांबी मोजा. पँटीवर लिहिलेला इंचांचा आकडा इथे कामाचा नाही. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, दोन पायांत साधारण एक वीत अंतर ठेवा. पक्क्या पुठ्ठ्याचं जाडसर पुस्तक (त्याची तुम्हाला काही वाण नसावी) कणा वर करून दोन पायांमध्ये धरा आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा दाब देऊन वर दाबा. पुस्तकाची कड भिंतीला टेकलेली असू दे. वरच्या टोकाशी दुसऱ्या कुणाला पेन्सिलची खूण करायला सांगा. तीनदा मोजा, सरासरी काढा.

समजा ७२ सेंटिमीटर आलं. त्याला ०.८८३ ने गुणलं की ६३.६ येतात. क्रँकच्या मध्यापासून (पॅडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात तिथपासून) सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या नळीला धरून मोजलेली उंची साधारण इतकी असावी. त्याच ७२ ला ०.६७ ने गुणलं की ४८.२. जुन्या पद्धतीच्या, आडव्या वरच्या नळीच्या फ्रेमची ही साइज. दोन्ही गुणक सायकलवाल्यांमध्ये फार जुने आहेत आणि सुरुवातीला विश्वासाने वापरण्यासारखे आहेत. पुढे पाच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे स्वतःच्या गुडघ्यांना विचारून करायचं. म्हणजे तुमचा पाय ७२ च्या आसपास असेल, तर ४८ ते ४९ ची फ्रेम तुमची. ५२ नाही.

‘जुन्या पद्धतीच्या’ म्हणालो, कारण हल्ली फ्रेमवरचा आकडा हे खरं माप राहिलेलं नाही. वरची नळी आडवी असायची तेव्हा ५२ म्हणजे सीटची नळी ५२ सेंटिमीटर, हिशेब सरळ. १९९० च्या दशकाच्या शेवटी माइक बरोज या इंग्लिश डिझायनरने जायंट कंपनीसाठी टीसीआर नावाची फ्रेम केली. तिची वरची नळी मागे उतरती होती आणि ती मोजक्या तीन साइजमध्ये यायची. बाकीचं सीटपोस्ट (सीट ज्यावर बसते तो दांडा) आणि स्टेमने जुळवायचं. कंपनीलाही कमी साचे लागतात, दुकानालाही कमी माल ठेवावा लागतो. पुढे बहुतेकांनी ती वाट धरली आणि एस, एम, एल ही भाषा रूढ झाली. त्यामुळे आज एका कंपनीची ५२ दुसऱ्या कंपनीच्या ५० एवढी निघू शकते. आकड्यावर वाद घालत बसू नका. दुकानदाराकडे, किंवा कंपनीच्या साइटवर, जॉमेट्रीचा, म्हणजे फ्रेमच्या मापांचा, तक्ता मागा आणि त्यातले दोनच रकाने बघा : स्टॅक आणि रीच. क्रँकच्या मध्यापासून पुढच्या नळीच्या माथ्यापर्यंत सरळ वर किती, तो स्टॅक. तिथेच आडवं किती, तो रीच. तुमच्या मापाच्या, आरामशीर बैठकीच्या फ्रेमचा स्टॅक साधारण ५१५ ते ५३५ मिलिमीटर आणि रीच ३६५ ते ३७० च्या घरात असतो.

इथे बरेच जण फसतात. तक्त्यात एमचा रीच ३७५ ते ३८० दिसतो, तुमच्या साइजचा ३६८, मग वाटतं एक सेंटिमीटरचाच तर फरक. तसं नसतं. लहान फ्रेममध्ये सीटची नळी जास्त उभी असते, ७४ अंश किंवा त्याहून थोडी अधिक, आणि एममध्ये ७३ च्या आसपास. तुमच्या सीटच्या उंचीला एका अंशाने सीट सेंटिमीटरभर मागे-पुढे होते. तो सेंटिमीटर रीचच्या रकान्यात दिसतच नाही. शिवाय कमी स्टॅकच्या फ्रेमवर हँडल वर घ्यायला स्टेमखाली स्पेसर (कड्या) घातले की दर १० मिलिमीटरला हँडल तीनेक मिलिमीटर आपोआप जवळ येतं, कारण पुढची नळी तिरपी असते. म्हणून दोन साइजच्या मधोमध अडकलेल्या माणसाने शक्यतो लहान घ्यावी. लहान फ्रेम थोडी वाढवता येते. मोठी कापता येत नाही. स्पेसरचे मजले चढवत जाऊ नका, एवढं मात्र सांभाळा. चिमट्याची (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची) वरची नळी कार्बनची असेल तर बहुतेक कंपन्या तीन-चार सेंटिमीटरवर थांबायला सांगतात.

लहान फ्रेमची एक खोड आधीच सांगून ठेवतो, नाहीतर घरी नेल्यावर मला शिव्या घालाल. चाकं सगळ्यांना सारखीच, ७०० ची, आणि फ्रेम आखूड. त्यामुळे पॅडल पुढे आडवं असताना हँडल पूर्ण वळवलं तर बुटाचा चवडा पुढच्या चाकाला घासू शकतो. वेगात असताना हँडल कधीच इतकं वळत नाही. वाडीतल्या अरुंद चढावर यू-टर्न घेताना मात्र भान ठेवावं लागतं. दुकानात उभ्या-उभ्या तपासून बघा. थोडं घासत असेल तर सायकल नाकारू नका, सवय होते. क्रँक १६५ मिलिमीटरची मिळाली तर आग्रहाने घ्या. १७० तुमच्या गुडघ्यांना जरा जास्त होते आणि १६५ ने चवडाही पाच मिलिमीटर मागे येतो. हँडल ३८ किंवा फार तर ४० सेंटिमीटर रुंद हवं. ब्रेकचं लिव्हर बोटांजवळ आणायचा स्क्रू बहुतेक लिव्हरमध्ये असतो, तो फिरवून द्यायला सांगा. स्क्रूने लिव्हर जवळ येतं हे पुष्कळ दुकानांत कुणी सांगतच नाही.

हात बधिर होतात ते आजच्या हायब्रिडवर, म्हणजे नवी सायकल हे त्यावरचं औषध नव्हे. सीटवर स्पिरिट लेव्हल ठेवा. पुढचं टोक खाली झुकलेलं असेल तर अंग पुढे घसरतं आणि ते दोन तळहातांवर तोलावं लागतं. फुकटची दुरुस्ती आहे, आजच करून बघा.

भाच्याच्या सायकलची साइज बरोबर दिसते, तरी ती विकत घ्या असं मी म्हणणार नाही. साइज बरोबर असली तरी तिची जात वेगळी. रेसिंग फ्रेमचा स्टॅक कमी, बैठक वाकलेली. टायर बहुधा २५ मिलिमीटर रुंदीचं, फार तर २८ चं बसेल, मडगार्ड लावायला भोकं नसणार. देवगडात जूनपासून गणपतीपर्यंत ती भिंतीला टांगून ठेवावी लागेल. आणि दुसरं कारण खाऱ्या वाऱ्याचं आहे. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण कार्बनला गंज लागत नाही म्हणून समुद्रकाठी कार्बन उत्तम, असं इथे पुष्कळांना वाटतं.

कार्बन गंजत नाही हे खरं. पण तो वीज वाहून नेतो, आणि ॲल्युमिनियमला चिकटून असला आणि मध्ये खारं पाणी आलं की दोघांचा मिळून एक बारीकसा बॅटरी सेल तयार होतो. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. कार्बन फ्रेममध्ये ॲल्युमिनियम ठिकठिकाणी असतं : बाटलीच्या स्टँडच्या चकत्यांत, चाक बसतं त्या टोकांना, कधी बीबीच्या (क्रँकच्या आसाच्या बेअरिंगच्या) कवचात, कधी सीटपोस्टमध्ये. चांगल्या कंपन्या मध्ये काचतंतूचा थर देतात, धातूवर लेप देतात. तो थर शाबूत आहे तोवर ठीक. गेल्या पावसाळ्यानंतर मालवणहून माझ्याकडे अशीच एक सायकल आली, कार्बनची फ्रेम आणि ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट. मालकाला सीट पाच मिलिमीटर वर घ्यायची होती. क्लँप सैल केला तरी पोस्ट हलेना. फटीत सगळीकडे पांढरी पूड. तेल सोडून रात्रभर उलटी ठेवली, काही नाही. कार्बनला ठोकता येत नाही आणि तापवताही येत नाही. शेवटी पोस्ट वरून कापली, आत करवतीचं पातं घालून हळूहळू उभी चीर पाडली आणि भिंत आतल्या बाजूला वळवून तुकडा ओढून काढला. अख्खी दुपार गेली. फ्रेम वाचली. मालक सायकल धुण्यात कधी हयगय करणारा नव्हता, पण घेतल्यापासून सीटपोस्ट एकदाही बाहेर काढलेला नव्हता.

तेव्हा समुद्रकाठी फ्रेम निवडताना नळीच्या धातूइतकंच तिच्या जोडांकडे बघायचं. ॲल्युमिनियमवर हवेने आपोआप एक पातळ थर चढतो आणि तो त्याला राखतो, पण मिठातला क्लोराइड त्या थराला टोचे मारतो. रंग उडालेल्या जागी, स्टीलचा बोल्ट शिरतो तिथे, रंगाखाली फुगवटे येतात. ते हळू चालतं आणि डोळ्यांना दिसतं, ही त्यातली जमेची बाजू. काळजी घेतली तर तुमच्या वापराला ॲल्युमिनियमची फ्रेम वर्षानुवर्षं पुरेल. कडक असते, अंगाला हादरे बसतात, ही तक्रार जुन्या, अरुंद टायरच्या काळातली. २८ किंवा ३२ चं टायर घालून, तुमच्या वजनाला साधारण ६० पीएसआय हवा भरली की फ्रेमच्या धातूचा फरक तुमच्या अंगाला क्वचितच कळेल. ११० भरून दगडासारखी करू नका.

यजमानांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. चांगल्या क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलची फ्रेम सुंदर चालते. पण गेट आणि ग्रिल जोडणाऱ्याकडे ती न्यायची नाही, हे त्यांना सांगा. त्या नळ्यांची भिंत मधल्या भागात मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, साध्या वेल्डिंगने भोक पडतं. शिवाय स्टील गंजतं ते आतून. सीटच्या फटीतून आणि बाटलीच्या बोल्टांतून पाणी आत उतरतं, बीबीपाशी साचतं आणि बाहेरचा रंग चकचकीत असताना तळ कुजत राहतो. स्टील घेतलंच तर नळ्यांच्या आत जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा, बीबीच्या खाली पाणी जायला भोक आहे ना ते बघायचं. हौस असेल तर जरूर करा. टायटॅनियमला खाऱ्या हवेचं काहीच वाटत नाही, पण त्याच्या किमतीत तुमच्या मैत्रिणींनाही सायकली येतील.

वजनाचं आकर्षण मनातून काढायला हिशेब पुरतो. तुम्ही, सायकल, बाटल्या मिळून ६८ किलोच्या आसपास. कार्बनने एक किलो वाचलं तर चढावर दीड टक्का. गगनबावड्याच्या घाटात तुम्हाला तास लागत असेल तर मिनिटभरसुद्धा वाचत नाही. त्यापेक्षा पुढे ५०-३४ दात्यांच्या चकत्या आणि मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) आहे ना, ते विचारा. आपल्याकडच्या घाट्यांत ते दाते जास्त कामाला येतील.

तर घ्यायची ती ॲल्युमिनियमचीच. आरामशीर बैठकीची, तुमच्या मापाची, ३२ पर्यंत टायर बसेल आणि मडगार्ड लागेल अशी, शक्य तर डिस्क ब्रेकची. दुकानदार तोच असला तरी हरकत नाही. एस किंवा एक्सएस मागवून द्या म्हणा, आणि सीट खाली घेण्याचा विषय निघाला की स्टॅक-रीच विचारा. माल यायला वेळ लागला तर लागू दे.

तोवर भाच्याची सायकल पंधरा दिवस उसनी आणा, नाही तरी भाचाच आहे. ती चालवून बघणं म्हणजे फुकटात माप घेणं. सीटची उंची वर सांगितल्याप्रमाणे लावा, दोन-तीन वेळा लांब जाऊन या, मग टेप घेऊन सीटच्या टोकापासून ब्रेकच्या खोबणीपर्यंतचं (लिव्हरपाशी तळहात टेकतो तिथपर्यंतचं) अंतर आणि सीटपेक्षा हँडल किती खाली आहे ते लिहून ठेवा. पुढे ओढल्यासारखं वाटलं असेल तर किती सेंटिमीटर जवळ हवं होतं तेही लिहा. तो कागद दुकानात घेऊन गेलात की बोलणं मुद्द्यावर राहील. ती सायकल तुम्हाला इतकी आवडलीच की घ्यावीशी वाटली, तर आधी स्टेम काढून चिमट्याची नळी बाहेर काढून बघा. जिथे स्टेम आवळतो तिथे ओरखडा किंवा चीर नको. सीटच्या क्लँपजवळ आणि चेनच्या बाजूला बीबीपाशी बोट फिरवा. सायकल कधी पडली होती का, हे भाच्याला आईसमोर विचारा.

नवी सायकल आली की पहिल्याच दिवशी सीटपोस्ट काढून त्याला ग्रीस लावा, उंचीला टेपची खूण करून ठेवा. बाटलीच्या स्टँडचे बोल्ट, पॅडलचे आटे, सगळीकडे ग्रीसचं बोट. चिमटा किंवा सीटपोस्ट कार्बनचा असेल तर तिथे ग्रीस चालत नाही, त्याची वेगळी खरखरीत पेस्ट मिळते, आणि आवळायला टॉर्कचा (किती आवळलं ते दाखवणारा) पाना हवा. स्टेमवर आकडा छापलेला असतो, बहुधा ४ ते ६ न्यूटन मीटर. पावसाळ्याआधी आणि दसऱ्याला असा वर्षातून दोनदा हा सोपस्कार केलात तर माझ्याकडे यायची वेळ येणार नाही.

गुहागरला जाताना जयगडहून तवसाळला फेरीबोटीने जाल. लाटांचा तुषार येतो, म्हणून सायकल कठड्यापासून आत, गाड्यांच्या आडोशाला लावा. मुक्कामी पोचल्यावर आंघोळीच्या आधी बादलीभर गोडं पाणी सायकलवर ओता. धुवायच्या मशीनचा फवारा नको, तो बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. मग कोरड्या फडक्याने पुसून चेनला दोन थेंब तेल द्या. पाय मोजल्यावर आकडा ७० च्या खाली किंवा ७५ च्या वर आला तर मात्र सायकल मागवण्याआधी मला परत लिहा, सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल.